शिफ्टची सायकल आणि रविवारची सायकल

पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकात सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास दोन तऱ्हेच्या सायकली एकमेकींना ओलांडून जातात. एक गावाबाहेर निघालेली असते. गिअरची, हलक्या फ्रेमची, पुढे लखलखीत दिवा, मागे लुकलुकणारा लाल. वर हेल्मेट, अंगासरशी जर्सी आणि मनगटावर प्रत्येक किलोमीटरची नोंद ठेवणारे घड्याळ. तिला लोणावळ्याकडे नाहीतर मुळशीकडे जायचे असते. दुसरी आत येत असते. काळी, मडगार्डवाली, हँडलला डब्याची पिशवी, कॅरियरला दोरीने बांधलेला रेनकोट. तिला दिवा नसतो आणि दोनपैकी एकच ब्रेक धड लागतो. तिच्यावरचा माणूस रहाटणी, काळेवाडी किंवा कासारवाडीच्या एखाद्या खोलीतून निघून एखाद्या मोठ्या सोसायटीच्या फाटकावर बारा तासांच्या पाळीला उभा राहणार असतो.

सायकल फेरीच्या फलकावर छायाचित्र छापले जाते ते पहिल्या सायकलवाल्याचे. दुसरा त्या फलकाखालून रोज जातो.

सायकलीने कामावर जाण्याची चर्चा पिंपरी-चिंचवडमध्ये अधूनमधून होते. प्रदूषण वाढले की होते, हिंजवडीची कोंडी बातमीत आली की होते, ३ जूनला जागतिक सायकल दिनाला तर होतेच. चर्चेचा सूर नेहमी एकच: मोटारवाल्या सुशिक्षित माणसाला सायकलवर कसे आणायचे? या प्रश्नात वाईट काही नाही. पण त्याआधीचा एक प्रश्न कुणी विचारत नाही. जे आजही सायकलवरच कामाला जातात, त्यांनी पहिली संधी मिळताच ती सोडून द्यावी, असे रस्ते आपण का बांधतो?

या पट्ट्याला सायकल नवी नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच सुमारास आकुर्डीत बजाज आली, टेल्को आली, आणि भोवतालची शेतं पाहता पाहता शेडखाली गेली. त्या काळी कामगार यायचे ते चालत, रेल्वेने नाहीतर सायकलने. मोठ्या कंपनीच्या फाटकाशी सायकलींचा लांबच लांब पत्र्याचा स्टँड असणे ही तेव्हा साधी बाब होती. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई, आणि रस्त्याने मोटारींपेक्षा त्यांच्याकडेच जास्त लक्ष द्यावे अशी त्यांची संख्या असे. शेजारचे पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जायचे. तिथे सायकलीवर पालिकेचा कर होता, कर भरल्याचा पितळी बिल्ला सायकलीला लावावा लागे, आणि रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट सापडल्यास पोलीस हटकत. थोडक्यात, सायकल हे वाहन आहे हे सरकारला मान्य होते.

मग १९७२ साल आले. त्याच वर्षी बजाजची चेतक बाजारात आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लूना. चेतक मिळवायला वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. लूनाला पायडल होते, म्हणजे ती सायकलचीच मोटार लावलेली बहीण होती, आणि कारकून, शिक्षक, कामगार यांना परवडणारी होती. सायकलवरून आकुर्डीला येऊन स्कूटर जोडणाऱ्या माणसांच्या हातांनीच सायकलीचे राज्य उठवले, असे म्हणायला हरकत नाही. त्यांच्यावर दोष ठेवण्यासारखे मात्र त्यात काही नाही. वीस किलोमीटर दूर गाव असलेल्या, आठ तास उभे राहून काम केलेल्या माणसाला पायडल मारण्यात रोमांच वाटत नाही. ज्याला दुचाकी घेता आली त्याने घेतली, आणि शहाणपणा केला.

गंमत अशी की एवढे होऊनही सायकल गेली नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कशाने जातात हे विचारले गेले. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांत सायकलने जाणारे सुमारे १३ टक्के निघाले. मोपेड, स्कूटर, मोटारसायकलवाले त्यांच्याहून किंचित कमी. मोटारीने जाणारे तर तीन टक्क्यांच्याही आत. त्यानंतर चित्र नक्कीच बदलले आहे, हप्त्यावर दुचाकी मिळणे सोपे झाले आहे. पण चेतक आणि लूना येऊन जवळजवळ चाळीस वर्षे उलटल्यावरही या देशात सायकलने कामावर जाणारा माणूस दुचाकीवाल्याच्या बरोबरीने होता, ही गोष्ट आपल्या रस्त्यांकडे पाहून कुणाला खरी वाटणार नाही.

आता पिंपळे सौदागरकडे यावे. पवनेच्या काठचे हे गाव. शेतीचे मळे जाऊन तिथे दोन-अडीच दशकांत बहुमजली सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि हिंजवडीत नोकरी करणारी हजारो कुटुंबे इथे राहायला आली. स्मार्ट सिटी योजनेत पिंपरी-चिंचवडने क्षेत्रविकासासाठी निवडलेला भाग म्हणजे हाच, शेजारच्या पिंपळे गुरवसह. त्यामुळे पदपथ रुंद झाले, बसायला बाकडी आली, झाडांभोवती कट्टे झाले. इथे 'एट टू एटी' नावाचे उद्यान आहे. कोलंबियाचे गिल पेन्यालोसा यांनी मांडलेली कल्पना त्यामागे आहे: आठ वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांना जे शहर सोयीचे, ते सगळ्यांनाच सोयीचे. संध्याकाळी तिथे गेल्यास कल्पना खोटी नाही हे कळते. मुले खेळतात, आजी-आजोबा बसतात, तरुण मंडळी चहा पितात. शहरात इतक्या निवांत जागा फार नाहीत. फक्त आठ आणि ऐंशी यांच्या मधला, चाळिशीचा, आठच्या पाळीला वेळेवर पोहोचायचे आहे असा माणूस त्या आखणीत कुठे आहे, ते शोधावे लागते.

२०१८ च्या सुमारास याच परिसरात ॲपवर चालणाऱ्या भाड्याच्या सायकलीही आल्या. फोनने कुलूप उघडायचे, हवे तिथे जायचे, सोडून द्यायचे. पुण्यातही तेव्हा तीन-चार कंपन्यांच्या रंगीबेरंगी सायकली रस्तोरस्ती दिसत होत्या. काही मोडल्या, काही चोरीला गेल्या, काहींच्या कंपन्यांनीच देशातून गाशा गुंडाळला. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. लोकांना शिस्त नाही, असा निष्कर्ष लगेच काढला गेला. तो सोपा आहे, म्हणून जरा संशयास्पदही आहे. ज्या सायकलीवर बसून जायला सलग रस्ताच नाही, ती सोसायटीच्या फाटकापासून उद्यानापर्यंतच फिरणार. आणि तेवढ्या अंतराला लोक चालतात.

२०२० च्या जूनमध्ये तर योगायोगाची कमालच झाली. ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलस सायकलचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. त्याच महिन्यात केंद्राच्या गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयाने शहरांसाठी 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' स्पर्धा जाहीर केली. कोरोनामुळे बस रिकाम्या होत्या, रस्ते मोकळे होते, आणि सायकलीची विक्री अचानक वाढली होती. पिंपरी-चिंचवड त्या स्पर्धेच्या अंतिम अकरा विजेत्या शहरांत आले. बक्षीस एक कोटी रुपयांचे. महापालिकेतल्या ज्या अधिकाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी त्यासाठी धडपड केली त्यांचे श्रेय कुणी नाकारू नये. काही रस्त्यांवर खांब उभारून सायकलची पट्टी वेगळी काढून पाहिली गेली, नागरिकांच्या फेऱ्या निघाल्या, सर्वेक्षणे झाली.

स्पर्धेचा स्वभावच असा असतो की ती दाखवण्याजोगे काम मागते, आणि दाखवण्याजोगे काम उद्यानाजवळ चांगले दिसते. कंपनीच्या मागच्या फाटकाजवळ नाही.

पिंपळे सौदागरहून कामाला जाण्याच्या वाटा मुख्यतः तीन. एक पश्चिमेला, जगताप डेअरी, कस्पटे वस्ती, वाकडमार्गे हिंजवडीला. दुसरी पूर्वेला, नाशिक फाट्यावरून भोसरीच्या औद्योगिक भागात. तिसरी नदी ओलांडून पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कारखान्यांकडे. पहिल्या दोन साधारण आठ-दहा किलोमीटरच्या, तिसरी त्याहून कमी. ताशी पंधराच्या संथ गतीने चालवली तरी सायकल चाळीस मिनिटांत पोहोचवते. आता दुसरा आकडा पाहा. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालानुसार पुण्यात मोटारीला १० किलोमीटर कापायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागली. जगातल्या सर्वांत संथ शहरांत पुण्याचा चौथा क्रमांक आला. म्हणजे दहा-पंधरा लाखांची गाडी, तिचा हप्ता, पेट्रोल, पार्किंग, डोकेदुखी, आणि नफा सात मिनिटांचा. पावसाळ्यातल्या वाकडच्या संध्याकाळी तोही उरत नाही.

हिशेब इतका उघड असताना लोक सायकल का काढत नाहीत, याचे उत्तर नाशिक फाट्यावर मिळते. भोसरीकडे जायचे तर रेल्वे आणि जुना पुणे-मुंबई रस्ता ओलांडावा लागतो. त्यासाठी जे. आर. डी. टाटा यांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल आहे. मोटारीसाठी तो उत्तम. बिनगिअरच्या सायकलवाल्याला त्याचा चढ उभ्याने पायडल मारत चढावा लागतो, डावीकडे कठडा, उजवीकडून घासून जाणारी बस, आणि मागे हॉर्न वाजवणारा टेम्पो. माणूस घाबरून उतरला तर सायकल ढकलत न्यायलाही धड जागा नाही. खालच्या पुणे-मुंबई रस्त्याची कथा निराळी. तो पुरेसा रुंद आहे, निगडी ते दापोडी बसची स्वतंत्र मार्गिका आहे, जलद वाहनांसाठी मधून ग्रेड सेपरेटर आहेत, कडेने सर्व्हिस रस्ता आहे. सगळ्यांसाठी काही ना काही आहे. पण ग्रेड सेपरेटरमधून बाहेर पडणारी गाडी जिथे वेगात सर्व्हिस रस्त्याला येऊन मिळते, नेमका तिथूनच सायकलवाल्याला सरळ जायचे असते. त्या मोजक्या मीटरमध्ये तो देवाचे नाव घेतो. उरलेला सगळा रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी घरची माणसे त्या मीटरांचाच विचार करून सांगतात, "सायकल नको, गाडी घे."

देशभरात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांच्या वर होते. सायकलमुळे दुसऱ्याचा जीव जाण्याची शक्यता जवळजवळ नसते. सायकलवाला मरतो तो दुसऱ्याच्या वेगाने.

चाकणला तर ही गोष्ट आणखी रोखठोक आहे. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला. त्यांच्या आगेमागे शेकडो सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्यासोबत मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कंत्राटी कामगार. कायम कामगाराला कंपनीची बस असते. कंत्राटी कामगार निघोजे, कुरुळी, महाळुंगे अशा गावांत खोली घेऊन चौघे-पाच जण मिळून राहतो आणि कंपनीत चालत किंवा सायकलने जातो. अंतर दोन-चार किलोमीटरचे, जगातल्या कुठल्याही नगररचनाकाराला सायकलसाठी आदर्श वाटेल असे. रस्ता मात्र कंटेनरचा. रात्रीची पाळी सुटते तेव्हा त्या रस्त्यावर अनेक ठिकाणी दिवेही नसतात. पिंपळे सौदागरला सायकल मार्गावर कुणी मोटार लावली तर तक्रार करायला सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. निघोज्याच्या खोलीतल्या पोराने कुणाकडे तक्रार करायची?

इथे नेहमीचे आक्षेप येतात. आपल्याकडे ऊन फार, हा पहिला. स्पेनमधले सेव्हिया हे शहर उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापते. २००६ पूर्वी तिथे सायकलीने होणारा प्रवास एक टक्काही नव्हता. मग नगरपालिकेने एक गोष्ट केली: तुकडे न पाडता सुमारे ८० किलोमीटरचे एकमेकांना जोडलेले जाळे जवळजवळ एका दमात उभारले, बऱ्याच ठिकाणी मोटारींच्या पार्किंगची जागा काढून घेतली, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत ते १२० किलोमीटरवर नेले. काही वर्षांतच सायकलीचा वाटा सहा-सात टक्क्यांवर गेला. ऊन तेवढेच राहिले. तुलनेला पुण्याचे उदाहरण हाताशी आहे. २०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेने ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. कागद सुंदर आहे. रस्त्यावर मात्र मार्ग सुरू होतो, शंभर पावलांवर त्यात विजेची पेटी येते, पुढे भाजीची गाडी, मग झाड, मग तो संपतोच. सेव्हियाने सुरुवातीला दहावा भागच बांधला, पण सलग बांधला.

दुसरा आक्षेप रस्ता अरुंद होण्याचा. पिंपरी-चिंचवडमध्ये पदपथ रुंद केले की मोटारवाले चिडतात, दुकानदार चिडतात, 'एवढ्या मोठ्या फुटपाथवर चालतं कोण' असे विचारतात. त्यांच्या रागाला थोडा आधारही आहे. रुंद पदपथावर दुचाक्या लागत असतील, फेरीवाले बसत असतील आणि पादचारी खालीच चालत असेल, तर जागा गेली आणि उपयोगही झाला नाही असे कुणालाही वाटेल. पण औंध-रावेत रस्ता ४५ मीटर रुंद आहे. त्यातले दोन मीटर मागणे म्हणजे मोटारींवर अन्याय, हे म्हणणे टिकत नाही. प्रश्न रुंदीचा कमी आणि राखणीचा जास्त आहे. बांधायला कंत्राट निघते, मोकळा ठेवायला निघत नाही.

तिसरा आक्षेप घामाचा. हिंजवडीत वातानुकूलित कार्यालयात ओल्या शर्टाने कसे बसायचे? याचे उत्तर गमतीदार आहे, कारण ते पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४२ नुसार कारखान्यात कामगारांसाठी धुण्याची पुरेशी सोय असणे बंधनकारक होते, आणि कलम ४३ खाली, कामाच्या वेळी न घालायचे कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला जागा हवी, असा नियम राज्य सरकारला करता येत होता. भोसरीतल्या फिटरला जे हक्काने मिळू शकत होते, ते कोट्यवधींच्या काचेच्या इमारतीतल्या अभियंत्याला मिळत नव्हते, कारण त्याचे कार्यालय कारखाना नव्हते. तळघरात हजार मोटारींची सोय करणाऱ्या आयटी पार्कला दोन न्हाणीघरे आणि पन्नास लॉकर जड जाऊ नयेत. आणि ज्यांना तरीही घाम नको, त्यांच्यासाठी विजेवरची सायकल आहे. २५० वॅटच्या आतली मोटार आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही.

चौथा आक्षेप तोंडाने कुणी सांगत नाही, तो प्रतिष्ठेचा. मॅनेजर सायकलवर आला तर 'फिटनेससाठी येतो' म्हणून कौतुक होते. हेल्पर सायकलवर आला तर त्याला अजून गाडी घेता आलेली नाही, एवढाच अर्थ निघतो. मुलगी बघायला गेल्यावर मुलाकडे गाडी आहे का हे विचारले जाते, सायकल आहे का हे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. हे एका दिवसात बदलणारे नाही. पण महापालिकेने त्यात भर घालू नये एवढी अपेक्षा करता येते. सायकलचा उत्सव रविवारी पहाटे, टीशर्ट आणि पदकासह साजरा होतो. इंद्रायणी नदीसाठी निघणारी सायक्लोथॉन असो की आषाढीआधी पंढरपूरला जाणाऱ्या सायकल वाऱ्या, दोन्ही चांगल्याच आहेत आणि त्यांनी अनेकांना पुन्हा सायकलवर बसवले आहे. मात्र सोमवारी सकाळी सायकलवर बसलेल्या माणसाला त्याच शहरात वाट मिळत नसेल, तर सायकल हा छंदच राहतो.

कामावर जाण्याच्या वाटेबाबत कायद्याने शहरांच्या पुढे पाऊल टाकले आहे, हे थोडक्यांना माहीत असते. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये कलम ५१-ई आले. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ-जागा-कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचाच अपघात मानायचा, असे त्यात म्हटले होते. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कर्मचारी भरपाई कायद्यालाही लावले. ते प्रकरण आपल्याच राज्यातले, एका साखर कारखान्याच्या वॉचमनचे. २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना कारखान्यापासून काही किलोमीटरवर त्याचा मृत्यू झाला होता. भरपाईचा वाद बावीस वर्षे चालला. कामाला जाण्याचा रस्ता हा कामाचाच भाग असेल, तर फाटकाबाहेर काय होते त्याच्याशी आमचा संबंध नाही, असे कंपन्यांना म्हणता येणार नाही. फाटकासमोरच्या दोनशे मीटरवर दिवे, वळणावर गतिरोधक, आत छपराखाली सायकल स्टँड आणि एक हवेचा पंप, एवढा खर्च कंपनीने केला तर वार्षिक अहवालात छापायला छायाचित्रही मिळेल.

आणि सोसायट्यांनी तर स्वतःच्याच फाटकाकडे पाहावे. पिंपळे सौदागरच्या बहुतेक सोसायट्यांत प्रत्येक सदनिकेला पार्किंग आहे, पाहुण्यांना आहे, विजेच्या गाड्यांना चार्जिंग येत आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींची, वॉचमनची, माळ्याची सायकल बाहेरच्या भिंतीला टेकलेली असते, पावसात भिजत, साखळी गंजत. कधी कुणी ती 'दिसायला बरी दिसत नाही' म्हणून हलवायलाही सांगते. पर्यावरण दिनाला झाडे लावणाऱ्या समितीला दहा फुटांचे छप्पर टाकायला वार्षिक सभेचा ठराव पुरतो.

सरकारने थोडी मदत केली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण सायकल महाग म्हणून कामगार ती सोडत नाही. ती चालवण्यात जीव घाबरतो, आणि बिघडली तर दुरुस्त कुठे करायची हा प्रश्न पडतो. पंक्चरच्या दुकानात आता ट्यूबलेस टायरचे काम चालते. सायकलीचे आरे सरळ करणारा कारागीर शोधत जुन्या बाजारात जावे लागते. पुणे मेट्रोने २०२२ पासून डब्यात सायकल न्यायला परवानगी दिली आहे, ही चांगली गोष्ट फार जणांना ठाऊकच नाही. कासारवाडी आणि नाशिक फाटा स्थानके पिंपळे सौदागरपासून सायकलच्या टप्प्यात आहेत. तिथपर्यंतचे तीन-चार किलोमीटर सुरक्षित झाले तर पिंपरीपासून स्वारगेटपर्यंतची सगळी कामे सायकलच्या आवाक्यात येतात.

महापालिकेकडे मागायचे तर सुरुवातीला पैसा मागायचीही गरज नाही. वाहतुकीची मोजणी बहुधा सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशा गर्दीच्या वेळी होते. सायकलवरचा कामगार त्याआधी कामावर पोहोचलेला असतो आणि अनेकदा त्यानंतर सुटतो, म्हणून तो मोजणीत येत नाही, आणि मोजणीत नाही म्हणून आराखड्यातही नाही. एक आठवडा पहाटे सहापासून रात्री बारापर्यंत, पाळ्या बदलतात त्या वेळांना, नाशिक फाट्याच्या पुलावर, जगताप डेअरीच्या चौकात, पवनेच्या पुलांवर आणि भोसरीच्या मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर सायकली मोजाव्यात. त्यासाठी सल्लागार संस्था नेमायला नको. महाविद्यालयातली पोरे वही-पेन घेऊन करतील. ज्या वाटेवर सायकली सर्वांत जास्त निघतील ती एकच वाट पहिल्यांदा घ्यावी, घरापासून फाटकापर्यंत सलग, पुलाच्या चढासकट आणि दिव्यांसकट. ती बहुधा उद्यानाजवळून जाणार नाही, आणि तिच्या उद्घाटनाला पहाटे साडेपाचला यावे लागेल.